पाहणीचे कागद आणि घराचा नकाशा

घर बांधावयाचे तर आधी काय लागते? जमीन, पैसा आणि नकाशा, असे कोणीही सांगेल. पण त्या घरात राहणारा मनुष्य कसा जगतो, याची माहिती या तिहींच्या आधी लागते. ती गोळा केली जात नाही असे नाही. मात्र ज्याने गोळा केली त्याच्याच कपाटात ती राहते. नवी योजना निघाली की पुन्हा नवी पाहणी, नवे तक्ते! माहिती एके ठिकाणी आणणे, एकाच पद्धतीने मांडणे आणि इतरांस खुली करणे यांमुळे काय साधते, याचे उदाहरण आपल्या इंदूरातच आहे.

१९८० नंतरच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने आग्रा-मुंबई रस्त्यालगत सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर 'अरण्य' ही वसाहत उभारावयास घेतली. भूखंड सुमारे साडेसहा हजार, त्यांतील बहुतांश दुर्बल घटकांसाठी; सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. आराखडा बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनचा. दोशींचा जन्म पुण्याचा (१९२७), शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये.

याच सुमारास कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा अल्पखर्ची घरांचा अभ्यास करणारा गट आणि ही संस्था यांनी मिळून इंदूरच्या झोपडवस्त्यांची मोजणी केली. नेहमीच्या पाहणीत खोल्या, नळ आणि माणसे मोजतात. येथे घराबाहेरची जागाही मोजली गेली. स्वयंपाक, झोपणे, धंदा, जनावरे बांधणे, कितीतरी गोष्टी दाराबाहेर चालतात. ओटा ही घराचीच एक खोली असते. लहानसे दुकान घराच्या पुढच्या अंगाला निघते. झाडाखालची सावली हा वस्तीचा चौक होतो. शिवाय ही माहिती एकेका वस्तीची वेगवेगळी न ठेवता दुकाने, झाडे, रस्ते, घरांची वाढ अशा विषयांनुसार मांडली. म्हणून एका वस्तीची दुसरीशी तुलना करता आली.

अरण्यच्या आराखड्यात या समजुतीचे प्रतिबिंब दिसते. लहान भूखंडावर पुरे घर बांधून न देता जोते, संडास-न्हाणीघर आणि फार तर एक खोली द्यावी. बाकीचे कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. ओटे, बाहेरून जिने आणि लहान चौक यांना त्यात स्थान मिळाले. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखविली. १९९५ मध्ये या प्रकल्पास आगा खान पुरस्कार लाभला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ती मोजणी १९८४ मध्ये 'हाउ द अदर हाफ बिल्ड्स' या नावाने छापली गेली. त्यामुळे ज्याने इंदूर पाहिलेही नाही अशा विद्यार्थ्यासही ती वापरता येते. निर्णय पटला नाही, तर त्यामागचा आधार तपासता येतो. माहिती कपाटात असती तर केवळ अधिकाऱ्याचा शब्द उरला असता.

तथापि एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. ज्याच्या जागेला कागदाचा आधार नाही, त्याने पुढे काढलेल्या पडवीची नोंद उद्या तीच पडवी पाडण्यासही उपयोगी पडेल. म्हणून नकाशा खुला असावा, पण कुटुंबाचे नाव झाकलेले असावे. आणि ज्यांची मोजणी केली त्यांना ती प्रथम दाखवावी. माहिती देणाऱ्यालाच ती पाहता येत नसेल, तर त्या वाटणीस अर्थ नाही.

आपल्या महाविद्यालयांतही पाहण्या होतात. समाजशास्त्राचे विद्यार्थी, अर्थशास्त्राचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, सारे त्याच वस्त्यांत जाऊन बहुधा तेच प्रश्न विचारतात. गुण मिळाले की कागद रद्दीत जातात. ग्रंथालयात एक कपाट त्यासाठी राखावे. प्रत्येक पाहणीवर तारीख, ठिकाण, विचारलेले प्रश्न आणि मोजण्याची रीत लिहावी. पुढच्या तुकडीने आधी ते वाचून मगच वस्तीत पाऊल टाकावे. याला खर्च फारसा नाही. वस्तीतल्या माणसाचे तेच उत्तर पुन्हापुन्हा देण्याचे श्रम वाचतील, आणि आधी दिलेले उत्तर कोणीतरी ऐकले होते, हे त्याला कळेल.