खिंडीचा दिवस

कैलासाची परिक्रमा सुमारे 52 किलोमीटरची. बहुतेक भारतीय यात्री ती तीन दिवसांत करतात. पहिला दिवस यमद्वार ते दिरापुक, तिसरा झुतुलपुक ते दारचेन. हे दोन्ही नुसते चालण्याचे. मधला दिवस खिंडीचा. दिरापुकहून निघायचं, सुमारे 5630 मीटर उंचीची द्रोल्मा-ला ओलांडायची आणि उजेड आहे तोवर झुतुलपुक गाठायचं. मी यात्रेकरूंचे गट घेऊन काठमांडूमार्गे तिथे जाते. गटप्रमुख म्हणून माझं जे खरं काम आहे ते याच दिवशी असतं, म्हणून तोच सांगते.

आधी घड्याळाचं सांगायला हवं. तिबेटात सगळीकडे बीजिंगची वेळ चालते, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. स्वयंपाक सांभाळणाऱ्या शेर्पांच्या मोबाईलवर नेपाळची वेळ, यात्रेकरूंच्या मनगटावर भारताची आणि तिबेटी गाईड बोलतो ती बीजिंगची. ‘पाचला निघायचं’ म्हटलं की तिघे तीन वेळांना तयार होतात. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांची घड्याळं मी समोर बसवून बदलून घेते. पुढच्या सगळ्या वेळा बीजिंगच्या.

पहाटे 3.00

दिरापुक सुमारे 5000 मीटरवर आहे. इथे गाढ झोप फार थोड्यांना लागते. मी उठते ती दारादारांशी थांबून कान देण्यासाठी. झोपेत श्वास काही क्षण थांबतो आणि मग एकदम जोरात ओढला जातो. शेजारी झोपलेला माणूस घाबरून मला बोलावतो. या उंचीवर हे पुष्कळांना होतं. मी ऐकत असते दुसरंच काही: छातीतली घरघर, ओला खोकला, बसल्या जागी लागलेली धाप. फुप्फुसात पाणी साठायला लागल्याची ती खूण. ती ऐकू आली तर त्या माणसाची परिक्रमा तिथेच संपते आणि सकाळपर्यंतही थांबायचं नसतं.

बाहेर पारा शून्याच्या आसपास. स्वयंपाकघरात शेर्पांनी स्टोव्ह पेटवलेले असतात. आल्याचा चहा, लसणाचं सूप आणि प्रत्येकाच्या थर्मासात गरम पाणी.

3.30

तपासणी. हात आधी चहाच्या पेल्यावर शेकून घ्यायला सांगते, कारण गार बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. नखाला रंग असेल तरी तेच. इथे धडधाकट माणसाचाही आकडा 75 ते 85च्या दरम्यान येतो. पुण्यात एवढा आला तर घरचे थेट अतिदक्षता विभाग गाठतील. त्यामुळे मी नुसत्या आकड्यावर जात नाही. माणूस बोलतो कसा, बूट स्वतः बांधतो का, काल रात्री जेवला का, हे बघते. मग प्रत्येकाला फरशीच्या रेघेवरून चालायला लावते, एका पावलाच्या पुढे दुसऱ्याची टाच टेकवत.

नाशिकच्या एका काकांचं तिसरंच पाऊल रेघेबाहेर पडलं. पुन्हा चालवलं. पुन्हा झोक गेला आणि त्यांनी भिंत धरली. डोकं रात्रभर ठणकत होतं, हे काकूंनी सांगितलं. काका गप्प होते.

“काका, तुम्ही आज इथून खाली उतरायचं.”

“ताई, दहा वर्षं वाट पाहिली मी. इथे मेलो तरी चालेल मला.”

हे वाक्य मला नवीन नाही. काशीत देह ठेवावा, तसा कैलासाच्या पायथ्याशी ठेवावा, ही भावना खोल आहे आणि तिचा मला अपमान करायचा नाही. पण त्याचं उत्तरही माझ्याजवळ तयार असतं.

“तुम्हाला चालेल हो. काकूंना चालणार नाही. आणि वरून तुम्हाला उचलून आणायला जी चार पोरं लागतील, त्यांच्या आयाही घरी वाट बघताहेत.”

तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते आणि त्यावर पहिला उपाय एकच, खाली उतरणं. ऑक्सिजनच्या नळकांड्याने उतरण्यापुरता वेळ मिळतो. दारचेनच्या दुकानात मिळणारे तोंडावर फवारायचे डबे काही मिनिटं पुरतात. त्यांच्या जिवावर खिंड चढायला निघणाऱ्यांना मी अडवते.

खाली पाठवणंही सोपं नसतं. काठमांडूहून येणाऱ्या यात्रेकरूंचा चिनी व्हिसा गटाचा असतो, सगळी नावं एकाच कागदावर. एकट्याने मध्येच मायदेशी परतायचं तर तो कागद फोडून घ्यावा लागतो. म्हणून दारचेनला थांबणाऱ्यांबरोबर शेर्पा द्यायचा, औषधं द्यायची, तिथल्या माणसाला निरोप धाडायचा. काकूंना पुढे जायचं होतं. काका म्हणाले, “तू जा, माझ्या वाटचंही चाल.” त्या निघाल्या.

5.00

मिट्ट काळोख. सूर्य उगवायला अजून अडीच तास आहेत. डोक्याला दिवे बांधून रांग निघते. सगळ्यांत हळू चालणारा माणूस सर्वांत पुढे, ही माझी अट. तरुण मुलांना ते जड जातं, पण हळू माणूस मागे राहिला की तो इतरांना गाठायला धावतो आणि इथे धावणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं.

घोडे आणि सामान वाहणारे पिठ्ठू यमद्वारालाच चिठ्ठ्या टाकून ठरलेले असतात, तीन दिवसांसाठी. कुणाला कुठला घोडा येईल हे आपल्या हातात नाही. घोडेवाल्याला आपली भाषा कळत नाही, आपल्याला त्याची. तेवढ्यासाठी मी चार तिबेटी शब्द सर्वांकडून पाठ करून घेते: हळू, थांब, पाणी, उतरव. उंचीच्या त्रासाइतकीच माणसं घोड्यावरून पडून जायबंदी होतात.

7.30

वर जाणाऱ्या वाटेवरून मागे वळलं की कैलासाचं उत्तरमुख दिसतं. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणून पहिलं ऊन या बाजूच्या माथ्यालाही लागतं. वरचं बर्फ आधी गुलाबी, मग पिवळंधमक, आणि खालची काळी भिंत अजून रात्रीतच. 6638 मीटरचं हे शिखर कुणी चढलेलं नाही. मी इथे सगळ्यांना थांबवते आणि कुणालाही घाई करत नाही. मोबाईल काढायला हातमोजे उतरवावे लागतात, तेवढं मात्र लवकर आटपा म्हणते.

8.15

शिवस्थळ. उतारावर जुने कपडे पसरलेले, दगडांना सदरे घातलेले, टोप्या, केसांच्या बटा. तिबेटी यात्री इथे अंगावरचं काहीतरी सोडतो; जुना जन्म इथे टाकायचा आणि खिंडीपलीकडे नव्याने जन्मायचं, अशी श्रद्धा. आपली माणसंही टोपी, रुमाल ठेवतात. प्लॅस्टिक ठेवू नका, एवढंच माझं सांगणं.

याच वाटेवर तिबेटी आपल्याला मागे टाकून जातात. मध्यरात्री दारचेनहून निघालेले असतात, संध्याकाळी परत दारचेनला. पूर्ण परिक्रमा एका दिवसात. सत्तरीच्या आजी, हातात फिरतं प्रार्थनाचक्र, पाठीवर पिशवी, ओठ हलताहेत. काही जण दंडवत घालत जातात. हातांना लाकडी फळ्या, पुढे जाडजूड कातडी एप्रन. आडवं व्हायचं, हात टेकले तिथे उभं राहायचं, पुन्हा आडवं. त्यांना परिक्रमा पुरी करायला आठवडे लागतात. पंढरीच्या वाटेवरचा लोटांगण घालणारा ज्याने पाहिला आहे त्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, येतात ते बोन धर्माचे. त्यांची प्रदक्षिणा डावी. जैनांसाठी हे ऋषभदेवांचं अष्टापद. कैलास फक्त आपला नाही, हे या वाटेवर पायांना कळतं.

9.15

शेवटचा चढ. इथे दर श्वासाला हाती लागणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. वीस पावलं, मग थांबा, काठीवर रेला, पाच श्वास, पुन्हा वीस पावलं. बोलायचं नाही. ‘हर हर महादेव’ची आरोळीही मनातच द्या, असं मी सांगते, काहींना ते रुचत नाही. पण आरोळी ठोकून दहा मिनिटं दगडावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नाशिकच्या काकूंनी चढभर जपाची माळ हातमोज्याच्या आत बोटांत धरली होती आणि एका मण्याला एक पाऊल टाकत त्या सगळ्यांच्या पुढे चालल्या होत्या. यापेक्षा चांगली चाल मी कुणाला शिकवू शकले नसते.

10.30

खिंड. रंगीत पताकांचं जाळं इतकं दाट की वाकून जावं लागतं. मधोमध मोठी शिळा, लोण्याने माखलेली, नाणी चिकटवलेली. तेराव्या शतकात गोत्सांगपा नावाच्या साधूने ही वाट शोधली, असं तिबेटी परंपरा सांगते. एकवीस तारादेवी लांडग्यांच्या रूपाने त्याला वर घेऊन आल्या आणि या शिळेत लीन झाल्या. खिंडीला नावही तारादेवीचंच.

इथे पंधरा मिनिटं, जास्त नाही. यात्रेकरूंना आरती करायची असते, काहींना होम. पूजा-होम मानसरोवराच्या काठी होऊन गेलेले असतात, म्हणून मी ऐकत नाही. वाऱ्यात अंग गार पडतं आणि चढताना न जाणवलेला थकवा बसल्यावर येतो. कापूर लावा, नमस्कार करा, दोन खजूर खा, चला.

11.15

उजवीकडे खाली गौरीकुंड. हिरवं पाणी, काठाला बर्फ. वाटेवरून तिथे उतरणं म्हणजे ढासळत्या दगडांवरून उतरून पुन्हा चढणं; मी कुणालाही जाऊ देत नाही. पिठ्ठू बक्षिसीवर बाटली भरून आणतात.

इथून उतार. घोडे मोकळे करावे लागतात, सगळ्यांनी पायीच उतरायचं. ज्यांनी ‘घोडा केलाय, चालायचा सराव कशाला’ म्हटलं होतं, त्यांचे गुडघे इथे बोलू लागतात. दीड-दोन तास दगडांवरून. दोन काठ्या हव्यातच. प्रत्येक अडखळणाऱ्यामागे एक शेर्पा, माझ्या हातात वॉकी-टॉकी आणि मी सर्वांत शेवटी.

दुपारी 1.30

दरीत तंबूतलं चहाचं दुकान. नूडल्स, चहा. मधुमेही माणसांची साखर तपासते. इन्सुलिन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगितलेलं असतं. सॅकमध्ये ते गोठतं आणि वाया जातं.

घड्याळात अडीच-पावणेतीन वाजतात तेव्हा कुठे सूर्य डोक्यावर येतो.

2.15 ते 6.00

नदीकाठची लांबलचक सपाटी. चढ नाही, कैलासही दिसत नाही. मला हाच टप्पा अवघड वाटतो, कारण सगळ्यांना वाटतं की झालं. पाणी प्यायचं विसरतात, पांगतात, दुपारी ढग येऊन गारा पडल्या की रेनकोट घोड्यावर गेलेला असतो. दर तासाला थांबवून मी माणसं मोजते.

6.00

झुतुलपुक, सुमारे 4800 मीटर. इथल्या गोम्पात, म्हणजे मठात, तिबेटी संत मिलारेपाची गुहा आहे. मी आधी ऑक्सिमीटर काढते, मग खिचडी, मग गुहा. घोडेवाल्यांचे आणि पिठ्ठूंचे पैसे उद्या चुकते करायचे, पण आजचा चहा त्यांनाही आपल्याबरोबर, हा आमच्या गटाचा नेम.

दारचेनहून निरोप आला. काकांचं डोकं उतरलं होतं, ते वरणभात जेवले होते.

9.00

बाहेर अजून उजेड आहे. मी वही काढून उद्याची यादी करते: कुणाला गाडीपर्यंत घोडा, कुणाच्या टाचेला पट्टी.

आमचा गट खासगी. भारत सरकारची यात्रा वेगळी, ती 1981 पासून चालते. 2020 ते 2024 ती बंद होती आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे वय 18 ते 70 लागतं, आधी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला पुन्हा एकदा. तिथे नापास झालेली माणसं खासगी गटात नाव घालतात आणि आम्हाला ते सांगत नाहीत. 2026 हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष, त्या वर्षीच्या एका परिक्रमेला तेरांचं पुण्य मानतात, त्यामुळे ओढ आणखी मोठी.

तुम्ही निघणार असाल तर सिंहगड जरूर चढा, पण त्याने पाय तयार होतात, रक्त नाही. रक्ताला उंचीवर मुक्कामच हवे असतात. म्हणून हेलिकॉप्टरने भराभर वर नेणारा कार्यक्रम स्वस्तात मिळाला तरी नाकारा आणि वाटेत विसाव्याचे दिवस असलेला निवडा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर त्यांना सांगा. आणि रक्तदाब, स्टेंट, दमा, जुनी फीट, जे काही असेल ते निघण्याआधी गटप्रमुखाला लिहून द्या. पहाटे साडेतीनला रेघेवर चालताना ते मला कळण्यापेक्षा घरी असतानाच कळू द्या.