निळूभाऊ आणि उसाचा मुलूख

निरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या माळावर ब्रिटिश काळातच खेळू लागलं. पाण्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. पश्चिम महाराष्ट्रात जिथे जिथे कारखाना आला, तिथे चेअरमनच्या शब्दाला वजन आलं. उसाला तोड कधी मिळणार, सोसायटीचं कर्ज कधी मंजूर होणार, पोरगं कुठे चिकटणार, या प्रश्नांसाठी माणसं त्याच्या ओसरीवर बसू लागली. हा माणूस मराठी पडद्यावर नखशिखान्त उभा केला निळू फुले यांनी.

‘सामना’ १९७४ चा. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पटेलांचा दवाखाना दौंडला, म्हणजे बारामती-इंदापूरच्या अगदी शेजारी. सहकाराच्या या राजकारणावरचा चित्रपट तिथल्या डॉक्टरने काढावा, यात मला नवल वाटत नाही.

यात फुल्यांनी साकारलेला साखर कारखान्याचा चेअरमन हिंदुराव धोंडे पाटील हा निव्वळ खलनायक असता तर आपण त्याला केव्हाच विसरलो असतो. गावात भरकटलेल्या एका दारुड्या, जुन्या गांधीवादी मास्तरला तो आश्रय देतो आणि आपलं साम्राज्य कौतुकाने दाखवतो. गावाचं भलं आपणच केलं, अशी त्याची मनोमन खात्री आहे. फुल्यांनी ही खात्रीच अभिनयात आणली. आवाज चढत नाही. शब्द सावकाश, जरा ओढून येतात. नजर आधी पोहोचते. अंगात सैलपणा आहे, कारण या माणसाला घाई करायची वेळ कधी आलेलीच नाही. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला हा मास्तर, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, असं पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि तो सैलपणा हळूहळू आवळत जातो. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

हे सामर्थ्य एका दिवसात आलं नव्हतं. पुण्याच्या गरीब घरातला हा मुलगा लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तो घडला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झालं आणि १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेले अण्णा त्याला चित्रपटात घेऊन आला. १९७२ मध्ये रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम. सखाराम रांगडा, उघडा, तोंडाळ; हिंदुराव झाकलेला. दोन्ही माणसं एकाच नटाने दोन वर्षांच्या आत उभी केली, एवढ्यावरूनच त्याचा आवाका कळतो.

पुढे मात्र चित्रपटसृष्टीने त्यांना तोच पाटील, तोच सरपंच पुन्हा पुन्हा दिला. मला हा अन्याय वाटतो. यातल्या कितीतरी भूमिकांत लेखकाने काहीच दिलेलं नव्हतं. जे होतं ते फुल्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. ते इतकं खरं उतरलं, की खेड्यापाड्यांत बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, आणि ही आपल्या कामाची पावती आहे असं ते मानायचे.

१९७८ च्या जुलैत बारामतीचे आमदार शरद पवार वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी ‘सिंहासन’ हा चित्रपट आला. तो ज्यांवर बेतला त्या अरुण साधूंच्या कादंबऱ्या त्याआधीच्या, तरी सत्तेच्या उलथापालथीचा तो पट लोकांनी ताज्या घडामोडींशी ताडून पाहिला असणारच. इथे निळूभाऊ दिगू टिपणीस झाले. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. शेवटी त्याला अनावर हसू फुटतं, ते बघवत नाही. हिंदुरावने ज्या नजरेने गाव दाबला होता, तीच नजर इथे आतल्या आत विझत जाते. ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी भूमिका. हिंदीत ‘सारांश’मधला (१९८४) गजानन चित्रे गाजला, पण मराठीतल्या या दोन भूमिकांच्या जवळ तो जात नाही.

१९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले. पडद्यावर आयुष्यभर गोरगरिबांना नाडणारा हा माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि समाजवादी चळवळींत अखेरपर्यंत उभा होता. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचं ठरलं, तेव्हा ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग लावले गेले. त्या प्रयोगांत ‘सामना’तले मास्तर आणि हिंदुराव, म्हणजे डॉ. लागू आणि निळूभाऊ, एकत्र रंगमंचावर होते.