तीन मिलिमीटरचा फुगा आणि प्लॅटिनमची तार

मेंदूतील धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तिची भिंत कमकुवत होऊन बाहेर फुगली, तर त्या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त मेंदूवरील पातळ आवरणाखाली पसरते आणि डोके क्षणार्धात असह्य दुखू लागते. न फुटलेला लहान फुगा बहुधा आयुष्यभर निरुपद्रवी राहतो, परंतु एकदा फुटलेला फुगा कितीही लहान असला तरी पुन्हा फुटू शकतो आणि हा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो.

पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मुखाशी क्लिप लावणे हाच मुख्य उपाय होता. 1990 मध्ये ग्विदो गुग्लिएल्मी यांनी प्रथम वापरलेल्या कॉइलिंगमध्ये जांघेतील धमनीतून बारीक नळी फुग्यापर्यंत नेतात आणि प्लॅटिनमची मऊ वेटोळी आत सोडतात. त्यांभोवती रक्त गोठून फुगा आतून बंद होतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2143 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात 30.6 टक्के, तर कॉइलच्या गटात 23.7 टक्के आढळले. कॉइल केलेल्यांत पुन्हा उपचार करण्याची वेळ मात्र अधिक वेळा येते.

खरी कसोटी 3 मिलिमीटर किंवा त्याहून लहान फुग्यात लागते, कारण नळीचे टोक मिलिमीटरभर पुढे सरकले तरी ते भिंतीला टेकते. अशा फुटलेल्या फुग्यांपैकी सुमारे 10 टक्के उपचार चालू असतानाच पुन्हा फुटतात, असे 2010 च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. तसे घडल्यास कुशल डॉक्टर नळी मागे ओढत नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचा परिणाम प्रोटामिनने उलटवतात, धमनीत छोटा बलून फुगवून प्रवाह थांबवतात आणि वेटोळी भरत राहतात. म्हणूनच या उपचाराची सुरक्षितता यंत्राइतकीच हातावर अवलंबून असते आणि असे हात मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत, ही मराठवाड्याची खरी अडचण आहे.

जिंतूर तालुक्यातील बोरीच्या रुग्णाला आधी परभणी आणि तेथून छत्रपती संभाजीनगर किंवा त्याहूनही दूरचे शहर गाठावे लागते, तेव्हा पहिले मौल्यवान तास रस्त्यावरच जातात. त्यात आणखी काही तास वेदनाशामक गोळी घेऊन घरी पडून राहण्यात गेले, तर उत्तम कॉइलही उशिरा पोहोचते. पहिल्या 6 तासांत आधुनिक यंत्रावर काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव जवळजवळ हमखास दिसतो. तेव्हा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी अचानक उठली, सोबत उलटी झाली किंवा मान ताठरली, तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.