पावसाळी डोंगराळ मुलखातील रब्बी : पाण्याचा हिशेब आणि गावाचा विचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा विषय गणित होता. म्हणून शेतीचा आजचा विषयही मी हिशेबाच्या अंगाने मांडणार आहे. शेतीखात्यातील नोकरीच्या निमित्ताने सत्तरी, डिचोली आणि सांगे या तालुक्यांत मी बरीच वर्षे हिंडलो. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. जेथे वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथील शेते कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत ओसाड का पडून राहतात?

उत्तराचा पहिला भाग भूगोलात आहे. या पावसाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर जेमतेम साठ किलोमीटर आणि उतार तीव्र. त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. जांभ्या दगडाची जमीन पाणी चटकन पिते आणि तितक्याच चटकन सोडून देते. कार्तिकात खळाळणारा ओहळ माघात कोरडा पडतो तो यामुळेच. म्हणून रब्बीचे नियोजन करताना आज ओहळात किती पाणी आहे हे न पाहता, पीक फुलोऱ्यावर येईल त्या दिवसांत किती उरेल हे पाहिले पाहिजे. गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारले, तर कोणती विहीर शिमग्यापर्यंत टिकते हे ते नेमके सांगतात. नियोजनाचा आरंभ या माहितीपासून करावा.

आता हिशेब पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. वायंगणी भाताला सर्व मिळून सुमारे १,२०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १२० लक्ष लिटर पाणी लागते. याउलट अळसांदे पहा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते उगवतात. मुळांच्या साठ सेंटिमीटर थरात मध्यम पोताची जमीन ९० मिलिमीटरांच्या आसपास उपयुक्त ओल धरते. हिवाळ्यात रोज तीन-चार मिलिमीटर ओल खर्च होते असे धरले, तर ही शिदोरी तीन ते चार आठवडे पुरते. पुढे फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत तीन पाणी दिली, तरी सुमारे २०० मिलिमीटरांत पीक हाती येते. म्हणजे जेवढ्या पाण्यात एक हेक्टर भात होतो, तेवढ्यात सहा हेक्टर अळसांदे होऊ शकतात. पाटातून झिरपून जाणारे पाणी वजा केले, तरी चार-पाच हेक्टरांना मरण नाही.

याचा अर्थ वायंगण सोडून द्यावे असा मात्र कोणी घेऊ नये. सखल भागात जेथे झऱ्याचे पाणी हिवाळाभर पाझरत राहते, तेथे कडधान्याची मुळे कुजतात. तेथे भातच योग्य. अंजुणे धरणाच्या कालव्याखालीही भाताला जागा आहे. म्हणून गावातील शेतांचे तीन गट पाडावेत. बारमाही पाण्याच्या शेतांत वायंगण. पौष-माघापर्यंत पाणी पुरणाऱ्या शेतांत मिरची, भाजीपाला अथवा भुईमूग. आणि केवळ ओल असलेल्या शेतांत अळसांदे, मूग किंवा कुळीथ. घाटावरचा गहू व हरभरा पाहून मोह होतो. परंतु त्या पिकांना हवी असलेली रात्रीची थंडी आपल्या सखल भागात पडत नाही. घाटमाथ्यापलीकडे बेळगावच्या परिसरात भातानंतर मसूर उत्तम येतो, कारण तेथे भारी जमीन आणि थंडी ही दोन्ही आहेत. शेजाऱ्याकडून शिकावयाचे ते पीक नव्हे, तर भातानंतरची ओल वाया न घालविण्याची रीत.

ही ओल साधण्यासाठी रब्बीचा निर्णय रब्बीत घेऊन चालत नाही. खरिपात ज्योतीसारखे लवकर तयार होणारे वाण घेतले, तर जयासारख्या वाणापेक्षा शेत आठ-पंधरा दिवस आधी मोकळे होते. हे दिवस फार मोलाचे आहेत. चिखलणी केलेली जमीन वाळू लागली की कडक होते, भेगाळते आणि मग नांगरालाही दाद देत नाही. मूठभर माती दाबून गोळा व्हावा, पण बोटांना चिकटू नये, ही पेरणीची वेळ. शिवाय अतिवृष्टीने चुना धुऊन गेल्यामुळे आपली जमीन आम्लधर्मी असते. माती तपासून चुना दिल्यास कडधान्याच्या मुळांवर गाठी चांगल्या धरतात. त्या गाठींतील नत्राचा लाभ पुढील भातालाही मिळतो.

पाणी अडविण्याचे काम मात्र एकट्याने होत नाही. पाऊस सरल्यावर बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर बसविणे, रिकाम्या पोत्यांत माती भरून ओहळावर कच्चे बांध घालणे, ही चार घरांची कामे आहेत. म्हादईच्या काठावरील पुरणशेती अशाच सामुदायिक श्रमावर उभी होती. नदी ओसरली की पात्रात बांध घालावयाचा, गाळ साठवावयाचा आणि पुढच्या पावसापूर्वी भात घरात आणावयाचे, असा तो क्रम.

उत्तराचा दुसरा आणि अधिक कठीण भाग येथेच आहे. भात कापले की गुरे मोकळी सोडण्याची आपली जुनी चाल आहे. शंभर शेतांपैकी एकानेच अळसांदे पेरले, तर ते गुरांच्या, माकडांच्या आणि गव्यांच्या पोटी जातात. पंचवीस शेते सलग पेरली, तर एकच कुंपण आणि पाळीपाळीची राखण पुरते. शेते ओसाड पडतात ती पाण्याअभावी कमी आणि एकविचाराअभावी अधिक, असे माझे निरीक्षण आहे. कोठे भावकीतील वाटण्या अडून बसल्या आहेत. कोठे दुसऱ्यास शेत कसावयास दिल्यास कूळ लागेल अशी धास्ती आहे. ही भीती कितपत खरी ते वकिलाला विचारून घ्यावे, परंतु विचारावे.

आपल्यापैकी अनेकजण आज पणजीत, वास्कोत, पुण्या-मुंबईत स्थायिक आहेत. तरीही चवथीला आपण सारे गावातल्या घरी येतो. भाद्रपद हाच रब्बीचे नियोजन करण्याचा नेमका काळ आहे, कारण खरीप अजून शेतात उभे असते आणि बंधाऱ्याला दोन महिन्यांचा अवधी असतो. आरती आटोपल्यावर वाड्यावरच्या मंडळींनी तासभर एकत्र बसावे. कोणते पंचवीस तुकडे सलग घ्यावयाचे, गुरे कोणत्या बाजूस चारावयाची, फळ्या कोणी बसवावयाच्या आणि जे गावात राहत नाहीत त्यांचे शेत यंदा कोण करणार, एवढेच ठरवावे आणि वहीत लिहून ठेवावे. पहिल्या वर्षी एवढे झाले तरी पुरे आहे.