खोबरेल का थिजते?

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, म्हणून पुण्या-नाशिककडे दिवाळीनंतर त्याची बाटली उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवावी लागते; त्याच फळीवरचे करडईचे तेल मात्र ऐन पौषातही वाहते राहते. कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमतेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, ते ४० अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे हातावर वळलेल्या गोळ्याच्या रूपातच वर्षभर कोकणातल्या घरांत असते आणि टाचांच्या भेगांना लावायचे झाले तर ते आधी ऊन करून घ्यावे लागते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही सख्खी भावंडे आहेत. ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या, अशीच तिघांच्याही रेणूंची घडण असून तीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज चौथे मूलद्रव्य नसते.

थिजलेले खोबरेल वितळले तरी खोबरेलच राहते, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे रेणूच्या आत अणूंना जखडून ठेवणारे बळकट सहसंयुजी बंध वितळण्यात तुटत नाहीत. सैल होते ती शेजारशेजारच्या रेणूंमधली, त्या मानाने फारच दुबळी ओढ, जिला आंतररेण्वीय बल म्हणतात. योहानेस व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये लायडन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात वायू आणि द्रव यांचे वर्तन समजावून घेताना ही ओढ गृहीत धरली आणि या विषयातील कार्याबद्दल १९१० मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युतभार नसलेले रेणू मुळात एकमेकांना ओढतातच का, हे मात्र पुंजयामिकी उदयाला आल्यावर, १९३० मध्ये, फ्रिट्झ लंडन याने उलगडले. रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा मेघ सतत हलत असतो. तो क्षणभर एका बाजूला झुकला, की ती बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, शेजारच्या रेणूचा मेघही त्याला अनुसरून झुकतो आणि दोघांत ओढ निर्माण होते.

ही ओढ क्षीण खरी, पण रेणू जितका लांब, तितकी ती अधिक ठिकाणी लागू पडते. एका कार्बनचा मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला चार कार्बनांचा ब्युटेन शून्याच्या आसपास, आठ कार्बनांचा ऑक्टेन १२६ अंशांना, आणि वीस-तीस कार्बनांच्या साखळ्यांचे मेण तर घनरूपच असते. लांबीइतकीच जवळीकही महत्त्वाची, कारण दोन रेणूंमधले अंतर दुप्पट झाले तर या ओढीची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्शावर येते. साहजिकच रेणूचा आकार निर्णायक ठरतो. स्टिअरिक आम्लाची अठरा कार्बनांची साखळी सरळ असते, ती फाट्यांच्या मोळीसारखी शेजारणीला लागून बसते आणि हे आम्ल ६९ अंशांना वितळते. ओलेइक आम्लातही अठराच कार्बन असतात, पण मधोमध एक दुहेरी बंध असल्याने साखळीला बाक येतो आणि द्रवणांक १३ अंशांवर घसरतो. दोन बाकांचे लिनोलेइक आम्ल उणे ५ अंशांपर्यंत द्रवच राहते.

पारंपरिक करडईच्या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हे लिनोलेइक असते, म्हणजे वाकड्या फाट्यांची मोळी, जी कधी नीट बांधलीच जात नाही. कोकमतेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असल्याने ते घट्ट बसते. खोबरेलाची गोष्ट अधिक मजेची आहे, कारण त्यातील जवळजवळ ९० टक्के साखळ्या सरळ, म्हणजे संपृक्त असतात, आणि तेवढ्यावरून पाहिले तर ते कोकमतेलापेक्षाही घट्ट असायला हवे. परंतु त्यातील जवळपास निम्मे मेदाम्ल बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल असते, आणि इतक्या आखूड साखळ्यांमधली एकूण ओढ बेताचीच भरते.

वनस्पती तूप हा याच बाकाशी केलेला खेळ होय. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये तेलांच्या हायड्रोजनीकरणाचे पेटंट घेतले. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळला, की दुहेरी बंध भरून निघतात, साखळ्या सरळ होतात आणि पातळ तेल तुपासारखे थिजते. हे काम अर्धवट सोडले तर काही दुहेरी बंध उरतात खरे, पण त्यांची ठेवण पालटून साखळी जवळजवळ सरळ होते. हेच ते ट्रान्स मेद, ज्यांचे तेला-तुपातील प्रमाण हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात २०२२ पासून कमाल २ टक्क्यांवर आणले गेले.

एरंडेल या सगळ्यांत वेगळे पडते. त्यातील रिसिनोलेइक आम्ल हे जणू ओलेइक आम्लच, फक्त त्याच्या साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी अधिकची असते. अशा जोडीतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध लंडनच्या क्षणिक ओढीहून बराच बळकट असतो आणि त्याच्याच जोरावर पाणी १०० अंशांना उकळते, तर त्याहून जड रेणूंचा हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच वायू होतो. या बंधांमुळे एरंडेलाचे रेणू एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, म्हणून त्याचा दाटपणा, शास्त्राच्या भाषेत श्यानता, शेंगदाण्याच्या तेलाच्या दहापटीच्या घरात जाते आणि चमच्यातून त्याची तार धरते. अल्कोहोलच्या रेणूतही अशीच जोडी असते; त्यामुळे शेंगदाण्याचे तेल अल्कोहोलमध्ये ओतले तर थर करून तळाशी बसते आणि एरंडेल मात्र बघता बघता त्यात मिसळून जाते.