कृषि विद्यापीठाचे विभाग व आपली जमीन

कृषि विद्यापीठ म्हणजे पदव्या देण्याचें ठिकाण. नांगर धरणाऱ्याचा त्याशीं काय संबंध, असा प्रश्न आपल्या सातारा-सांगली भागांतील पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रस्तुत लेखकाची उमेद महसुली दप्तरांत गेली. तेथें पीकपाहणीच्या रकान्यांत एकाच जमिनीपुढें प्रथम 'ऊंस', कांहीं वर्षांनीं 'गवत' व अखेर 'पड' असे शेरे पडत गेलेले पाहण्यांत येत. जमीन पड राहिली याची नोंद दप्तर करतें. ती कां पड राहिली हें सांगणें दप्तराचें काम नव्हे. तें काम ज्यांचें आहे ते कोण व तें काम ते कसें करतात, याची माहिती देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रांत कृषि विद्यापीठाची स्थापना १९६८ सालीं झाली. पुढें १९६९ सालीं अकोला आणि १९७२ सालीं दापोली व परभणी येथें स्वतंत्र विद्यापीठें निघाल्यावर पश्चिम महाराष्ट्र व खानदेश हा टापू राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे राहिला. सातारा व सांगली हे जिल्हे त्यांतच येतात. शिक्षण, संशोधन व विस्तार हीं त्याचीं तीन कामें. येथील अध्यापक विद्यार्थ्यांस शिकवितो आणि संशोधनही करतो. वरच्या पदवीचा विद्यार्थी जो प्रबंध लिहितो, तो बहुधा एखाद्या शेतांतील किंवा प्रयोगशाळेंतील प्रयोगावरच आधारलेला असतो.

विद्यापीठाचे विभाग निरनिराळे असले तरी त्यांचा विषय एकच, तो म्हणजे शेत. मृदविज्ञान व कृषि रसायनशास्त्र विभाग माती तपासतो. कृषिविद्या विभाग लागणीची वेळ, खताची मात्रा व पाण्याच्या पाळ्या ठरवितो. वनस्पतिशास्त्र विभाग नवे वाण तयार करतो. कीटकशास्त्र व रोगशास्त्र हे विभाग पिकाच्या शत्रूंचा अभ्यास करतात. अभियांत्रिकी विभाग अवजारें, सिंचन व निचरा पाहतो, आणि अर्थशास्त्र विभाग या सर्वांचा खर्च पिकाच्या उत्पन्नांतून निघतो कीं नाहीं याचा हिशेब मांडतो. कचेरींत एका प्रकरणावर जसे अनेक टेबलांवरून शेरे पडतात, तसेंच येथेंही एका शेताचें दुखणें अनेकांच्या हातांखालून जातें.

खारवट जमिनीचें उदाहरण घेऊं. नीरा खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर कांहीं जमिनी खारावूं लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं या जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. १९३२ सालीं सातारा जिल्ह्यांत पाडेगांव येथें ऊंस संशोधन केंद्र निघालें. नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवे यांखालील जमिनींची वर्गवारी बसू व शिरूर यांनीं १९३८ सालीं मांडली. केवळ वरची माती पाहून त्यांनीं निर्णय दिला नाहीं. खोल खड्डे घेऊन एकाखालीं एक असलेले थर तपासले. खालचा थर पाणी जिरूं देत नसेल, तर वरून दिलेलें जादा पाणी भूजलाची पातळी वाढवितें; तें केशाकर्षणानें वर चढतें, पृष्ठभागावर उडून जातें आणि क्षार मागें ठेवितें. कृष्णाकांठच्या भारी काळ्या जमिनींत, विशेषतः वाळवें व मिरज तालुक्यांत, पुढें हेंच घडलें.

या शास्त्राचा शेतकऱ्यास रोखीचा उपयोग असा कीं, सर्व बिघडलेल्या जमिनी एकाच जातीच्या नसतात. क्षारयुक्त जमिनींत विरघळणारे क्षार फार असतात. सामू बहुधा ८.५ च्या आंत असतो व पृष्ठावर पांढरा थर दिसतो. तीस निचरा व चांगल्या पाण्यानें क्षार धुवून काढणें हाच उपाय. चोपण जमिनींत मातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, ओली असतां ती चिकट व वाळल्यावर दगडासारखी होते. तींत जिप्सम घातल्यानें त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम मात्र निचऱ्यानेंच बाहेर जावा लागतो. परीक्षणावांचून केवळ क्षारयुक्त जमिनींत जिप्सम ओतणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

आतां वाणाचें काम. आपल्याकडे उंसास तुरा येणें व दोन वाणांचे तुरे एका वेळीं मिळणें कठीण, म्हणून संकर कोइमतूर येथें होतात. तेथील बीं पाडेगांवीं आणून रोपें करतात व त्यांतून निवड होते. हजारों रोपांतून एखादें टिकतें, आणि त्यास दहा-बारा वर्षें लागतात. कोइमतूरचा को ८६०३२ हा वाण 'नीरा' या नांवानें १९९६ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसारित झाला. 'फुले २६५' हा २००७ सालीं आला, व तो खारवट जमिनींतही त्यांतल्या त्यांत तग धरतो. नव्या वाणाची शिफारस एका विद्यापीठाच्या मर्जीनें होत नाहीं; चारही विद्यापीठांच्या संयुक्त सभेंत तिची छाननी होते. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथील केंद्रांत हळद व सोयाबीन यांचें काम चालतें. 'फुले संगम' या सोयाबीन वाणाच्या के. डी. एस. ७२६ या खुणेंत त्या गांवाचेंच नांव आहे. महाबळेश्वरीं गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास होतो.

कीटकशास्त्राचें मोल सांगली जिल्ह्यानें २००२ सालीं पाहिलें. उंसावर लोकरी मावा पडला आणि पानें काळीं पडूं लागलीं. उंच वाढलेल्या उंसांत औषध फवारणें दुष्कर, आणि त्यानें मित्रकिडीही मरत. डिफा व मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक शोधून, वाढवून शेतांत सोडण्यांत आले व त्यांच्या योगें किडीचा जोर ओसरला.

मात्र विद्यापीठाची शिफारस ही सनद नव्हे. प्रयोगांत एकच उपचार अनेक वाफ्यांत पुनःपुन्हा करून त्याची सरासरी काढतात. एका वाफ्यांतील चांगलें पीक हा पुरावा मानीत नाहींत. तरीही आपली माती व आपलें पाणी निराळें असूं शकतें. म्हणून नवी शिफारस प्रथम थोड्या गुंठ्यांवर जुन्या पद्धतीशेजारीं करून पाहावी, आणि दोहोंचा खर्च व उत्पन्न लिहून ठेवावें. माती परीक्षणासाठीं शेताच्या निरनिराळ्या जागांचे नमुने एकत्र करावे; बांध, उकिरडा व झाडाखालची जागा टाळावी; खारवट जमिनींत खालच्या थरांचे नमुने वेगळे ठेवावे.

निचरा मात्र एकट्यानें होत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पाणी अमर्याद सोडलें, तर खालच्याचा चर व्यर्थ जातो. चराचें पाणी ओढ्यापर्यंत नेण्यास सर्व शिवाराची संमति लागते, आणि येथेंच शेतकऱ्यांच्या संघाचें काम सुरू होतें. विभाग माप देतील, चराचें अंतर व खोली सांगतील. एकमत आपणच केलें पाहिजे. ज्या शिवारांत 'पड' हा शेरा अद्याप पडलेला नाहीं, त्यांनीं या हंगामापूर्वींच मातीचे नमुने पाठवावे. कारण जमीन बिघडूं न देण्यास जो खर्च येतो, त्याहून बिघडलेली सुधारण्याचा खर्च कितीतरी अधिक असतो.