व्हिनाइल कापा, पाऊस मोजा

मोटारसायकलींवर नावे चिकटवून देणारी 'रेडियम'ची दुकाने तुम्ही पाहिलीच असतील. गंमत अशी, की या 'रेडियम'मध्ये रेडियम नावालाही नसते. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा या रंगीत फितीशी काही संबंध नाही. ही फीत असते व्हिनाइलची, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लॅस्टिकची. मुळात कडक असलेले हे प्लॅस्टिक लवचिक करण्याची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ मध्ये सापडली.

दुकानातल्या कापणी यंत्राचा धाकटा भाऊ आता घरातल्या टेबलावर मावतो. शाळेत किंवा ओळखीच्या घरी असे यंत्र असेल, तर पहिले काम म्हणून पर्जन्यमापकाची पट्टी करून पाहा.

यंत्र कसे कापते?

रूळ फितीला पुढे-मागे सरकवतात. पाते डावीउजवीकडे सरकते. काटकोनातल्या या दोन गतींच्या बेरजेतून हवी ती वक्ररेषा मिळते. पाते आपल्या आसाभोवती मोकळे फिरते आणि त्याचे टोक आसापासून सुमारे पाव मिलिमीटर बाजूला असते. त्यामुळे ढकलगाडीच्या फिरत्या चाकाप्रमाणे ते आसाच्या मागोमाग वळते. बारीक अक्षरांचे कोपरे बोथट होण्याचे हे एक कारण आहे. म्हणून सुरुवातीला आकडे मोठे घ्या.

खरी कसोटी खोलीची. व्हिनाइलचा थर सुमारे ०.०८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याखाली डिंक व त्याखाली सिलिकॉनचा लेप दिलेला कागद. थर कापला जावा, पण कागद शाबूत राहावा! एकदा विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी घाईने पात्याचा दाब वाढवला आणि वीस पट्ट्या कापल्या. कागदासकट सगळ्यांचे तुकडे हातात आले. दुसरी फीत शिल्लक नव्हती. माझ्या चुकीपायी विद्यार्थ्यांना रात्री जागून स्केचपेनने रेघा ओढाव्या लागल्या. तेव्हापासून मी आधी कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापून पाहतो. तो सुईने अलगद उचलला गेला आणि कागदावर पुसट ओरखडाच दिसला, की दाब बरोबर आहे असे समजावे.

पट्टी तयार करा

संगणकावर फणीच्या आकाराची ६ सेंटिमीटर उंच पट्टी काढा. दर ५ मिलिमीटरला आखूड दात, दर १० मिलिमीटरला लांब दात व शेजारी आकडा. दात १ मिलिमीटर जाड ठेवा. मात्र प्रत्येक दाताची वरची कड हेच माप समजा. नाहीतर रेघेच्या जाडीएवढी चूक होईल. कापून झाल्यावर पिकातले तण काढावे तसे नको असलेले व्हिनाइल चिमट्याने काढून टाका.

आता पट्टी काचेवर न्यायची. आकडे सुटे आहेत. त्यांच्यातली अंतरे बिघडता कामा नयेत. म्हणून वरून पारदर्शक उचल-फीत चिकटवा. येथे तीन पकडींचा क्रम लक्षात ठेवा. कागदाची पकड सर्वांत कमी, उचल-फितीची त्याहून जास्त आणि काचेची सर्वांत जास्त. हा क्रम साधला, की व्हिनाइल आपोआप कागदावरून फितीवर आणि फितीवरून काचेवर जाते. काचेवर बोटांचा तेलकटपणा असेल तर तिची पकड घटते आणि क्रम बिघडतो. यासाठी काच स्पिरिटने पुसून घ्या. उचल-फीत सरळ वर ओढू नका. ती पाठीमागे दुमडून काचेलगत ओढा. म्हणजे जोर एका बारीक रेषेवरच पडतो व व्हिनाइल वर उचलले जात नाही. पॉलिथीनच्या डब्यावर मात्र हा प्रयोग फसेल, कारण त्याला डिंक नीट धरत नाही.

पाऊस मोजा

ग्लास सरळ भिंतींचा, तोंड व बूड सारख्या व्यासाचे असलेला घ्या. आतल्या बुडाची गोलाई झाकेल इतके पाणी ओता आणि शून्याची कड त्या पातळीवर आणून पट्टी चिकटवा. ग्लास भिंती-झाडांपासून दूर, उघड्यावर घट्ट बसवा. रोज सकाळी ८.३० वाजता पातळी वाचा. आपले हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजते. मग पाणी पुन्हा शून्यावर आणा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या शाळेच्या गच्चीचे क्षेत्रफळ काढा आणि एका रात्रीत तिच्यावरून किती पाणी वाहून गेले, याचा हिशेब करा. उत्तर पाहून तुम्ही चकित व्हाल!

कापडावरच्या अक्षरांसाठी उष्णतेने चिकटणारे व्हिनाइल मिळते. ते मागच्या बाजूने कापतात. म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी घ्यावी लागते. शिक्षकांना एक विनंती : पात्याला हात लावताना मुलांजवळ थांबा, आणि हे व्हिनाइल लेसर यंत्रावर कधीही कापू देऊ नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो.

यंत्र केवळ कापते. दाब, पकड आणि शून्य यांचा विचार तुम्हालाच करावा लागतो. या पावसाळ्यात तो करून पाहा!